खिडकीवरची पाटी

सोयाबीनच्या काढणीचे दिवस. रात्रीचे अकरा वाजलेले. डोंगराकडच्या एखाद्या गावातून निघालेली जीप शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागासमोर थांबते आणि उतरलेला म्हातारा एवढेच सांगतो, ‘साहेब, पोराला पान लागलंय.’ ड्युटीवरचा इंटर्न अखिल भारतीय कोट्यातून, राजस्थानातून आलेला. चार वर्षांत त्याने मराठी बऱ्यापैकी उचललेली असते, पण त्याच्या लेखी पान म्हणजे झाडाचे, वहीचे नाहीतर विड्याचे. विड्यातली सुपारी लागली असावी, असा अंदाज बांधून तो रक्तदाब मोजायला घेतो. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून सिस्टर ओरडतात, ‘अहो डॉक्टर, साप चावलाय त्याला!’

असे प्रसंग मराठवाड्यातल्या डॉक्टरांना नवे नाहीत. सापाचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, म्हणून ‘पान लागलं’ म्हणायचे, ही ग्रामीण महाराष्ट्रातली जुनी रीत. ती वैद्यकाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. इंटर्नला ती सिस्टर सांगतात, वॉर्डबॉय सांगतो, कधी शेजारच्या खाटेवरचा रुग्ण सांगतो. पण उद्या हीच तक्रार रुग्णालयाच्या संगणकावर चालणाऱ्या एखाद्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसाने ऐकली, तर त्याला कोण सांगणार? त्याच्या शेजारी सिस्टर नसते. त्याच्याजवळ असतात फक्त कोणीतरी आधी लिहून ठेवलेल्या चार ओळी. त्या ओळी कशा लिहायच्या, हा आता आरोग्यसेवेतलाही प्रश्न होऊ लागला आहे.

या मदतनिसाला तंत्रज्ञ ‘एआय एजंट’ म्हणतात. एजंट म्हटले की आपल्याला विम्याचा किंवा आरटीओ कचेरीबाहेरचा एजंट आठवतो, आणि ही तुलना फारशी चुकीची नाही. आरटीओबाहेरचा एजंट स्वतः परवाना देत नाही. कोणत्या कामाला कोणत्या खिडकीवर, कोणती कागदपत्रे घेऊन जायचे, एवढे त्याला ठाऊक असते आणि तेवढ्यावर तो आपले काम करून आणतो. एआय एजंटचेही तसेच. त्याच्या मुळाशी भाषेवर तयार झालेले एक मोठे प्रारूप असते. ते बोलते छान, पण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आज सकाळी कोणाचा हिमोग्लोबिन किती आला, हे त्याला माहीत असणे शक्यच नाही. त्यासाठी त्याला ‘टूल’ दिली जातात, म्हणजे ठरावीक काम करणारे छोटे प्रोग्रॅम. एक टूल रक्ताचा अहवाल आणून देते, दुसरे खाट रिकामी आहे का ते पाहते, तिसरे पुढची तारीख नोंदवते. ही झाली खिडक्यांची रांग.

गंमत अशी की, हा एजंट कधीच खिडकीच्या आत डोकावत नाही. प्रोग्रॅम आतून कसा लिहिला आहे, हे त्याला सहसा दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त खिडकीवरची पाटी: टूलचे नाव, ते काय करते याचे साध्या वाक्यांतले वर्णन आणि कोणती माहिती द्यावी लागेल याची यादी. जून २०२३ मध्ये ओपनएआय कंपनीने आपल्या प्रारूपांना अशी टूल जोडण्याची सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची खुली पद्धत जाहीर केली, आणि कोणतेही टूल कोणत्याही एजंटला जोडण्याचा सामायिक मार्ग तयार झाला. दोन्हींत पाटीची जागा तीच राहिली. पाटी चुकीची असेल तर जगातले सर्वांत हुशार प्रारूपही चुकीच्या रांगेत जाऊन उभे राहते. केसपेपरच्या रांगेत तासभर उभे राहिल्यावर ‘ही खिडकी फक्त जुन्या रुग्णांची’ असे ऐकलेल्या कोणालाही याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

एक उदाहरण कल्पून पाहू. लातूरमधल्या एखाद्या रुग्णालयाने रक्तपेढीसाठी दोन टूल तयार केली. एकाचे नाव ‘रक्त’, वर्णन ‘रक्ताची माहिती’. दुसऱ्याचे नाव ‘रक्त मागणी’, वर्णन ‘रक्ताबाबत विनंती’. बनवणाऱ्या अभियंत्याला दोन्हींतला फरक पाठ आहे, कारण ती त्यानेच बनवली. आता निलंग्याहून एक डॉक्टर विचारतात, ‘ओ निगेटिव्ह मिळेल का?’ ही माहिती झाली की विनंती? एजंट दुसरी खिडकी निवडतो आणि नुसत्या चौकशीपायी एक पिशवी राखून ठेवली जाते. त्याच रात्री ज्या बाळंतिणीला ती खरोखर हवी आहे, तिच्या नातेवाइकांना ‘शिल्लक नाही’ असे उत्तर मिळते. यंत्रात बिघाड नाही, प्रोग्रॅममध्ये चूक नाही. पाटीत चूक आहे.

हीच पाटी नीट लिहिली तर काहीशी अशी होईल: ‘रक्तसाठा पाहा. दिलेल्या रक्तगटाच्या आणि घटकाच्या किती पिशव्या या क्षणी शिल्लक आहेत, ते सांगते. फक्त पाहते, काहीही राखून ठेवत नाही. मिळेल का, आहे का, किती आहे, अशा प्रश्नांसाठी वापरा. पिशवी राखायची असेल तर हे वापरू नका, त्यासाठी “रक्त राखून ठेवा” हे टूल आहे. घटक सांगणे आवश्यक: पूर्ण रक्त, लाल पेशी, प्लाझ्मा किंवा प्लेटलेट्स. वापरकर्त्याने घटक सांगितला नसेल तर अंदाज करू नका, विचारा.’ सात-आठ वाक्ये. लिहायला दहा मिनिटे पुरतात, पण ती दहा मिनिटे बहुतेक ठिकाणी कोणी देत नाही. प्रोग्रॅम लिहून झाला की काम संपले, वर्णन म्हणजे उरलेला सोपस्कार, असे समजले जाते. रेफर चिठ्ठीचेही आपल्याकडे नेमके हेच होते. रुग्णावर चार तास मनापासून उपचार करणारा डॉक्टर शेवटी चिठ्ठीवर ‘पुढील उपचारासाठी पाठवीत आहे’ एवढेच लिहितो. कोणते इंजेक्शन किती वाजता दिले, हे पुढच्या डॉक्टरला कळायला मार्ग राहत नाही.

वर्णनात सर्वांत जास्त घात करते ते एकक. वैद्यकात हा धडा जुना आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतांच्या मिळतात. एकीत दर मिलीलिटरला ४० युनिट, दुसरीत १००. सिरिंजही वेगळ्या, ४० वालीला लाल टोपण आणि १०० वालीला नारिंगी. शंभरचे इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर २० ऐवजी ५० युनिट शरीरात जातात आणि पहाटे साखर कोसळून रुग्ण बेशुद्ध सापडतो. आकडा बरोबर, माप चूक. १९९९ मध्ये नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान याच जातीच्या चुकीने मंगळाजवळ नष्ट झाले. एका गटाचे सॉफ्टवेअर ब्रिटिश मापात आकडे देत होते, घेणारे सॉफ्टवेअर ते मेट्रिक समजत होते.

आता नवजात शिशू कक्षाचा विचार करा. तिथे बाळाचे वजन ग्रॅममध्ये लिहितात: १८००. मोठ्यांच्या वॉर्डात ते किलोत असते. औषधाची मात्रा काढणाऱ्या टूलच्या पाटीवर नुसते ‘वजन द्या’ असे असेल, तर १.८ द्यायचे की १८००, हे एजंटने कशावरून ठरवायचे? म्हणून रकान्याचे नावच ‘वजन_किलोग्रॅम’ असावे, वर्णनात ‘नवजात बाळाचे वजन ग्रॅममध्ये असल्यास आधी १००० ने भागा’ असे असावे, आणि इतके करूनही १८०० आलेच तर टूलने उत्तर देण्यास साफ नकार द्यावा. नकार देतानाही ‘त्रुटी क्रमांक ४००’ असे तुटक नको. ‘वजन किलोग्रॅममध्ये हवे. तुम्ही १८०० दिले. ग्रॅम असतील तर १.८ द्या’ असे सांगितले की एजंट स्वतःला सुधारतो. तुटक नकार मिळाला की तो काहीतरी दुसरेच करून पाहतो, आणि ते दुसरे काय असेल याचा नेम नसतो. रक्तातील साखरेचेही तेच. आपल्याकडे १८० म्हटले की मिलिग्रॅम समजतात. कित्येक देशांत हीच साखर मिलिमोलमध्ये १० अशी लिहिली जाते. आपल्या मापाने वाचले तर हा १० चा आकडा मरणासन्न रुग्णाचा वाटेल.

इथवरच्या अडचणी जगभरच्या आहेत. मराठीच्या स्वतःच्या काही वेगळ्याच आहेत, आणि त्यांच्याकडे बाहेरून आयात केलेल्या सॉफ्टवेअरचे लक्ष जाण्याची शक्यता कमी. ‘परवा’ हा शब्दच घ्या. ‘परवा या’ म्हणजे येणारा दिवस, ‘परवापासून ताप आहे’ म्हणजे गेलेला. मराठी माणूस क्रियापदावरून ओळखतो. पण एजंटला तारखेच्या रकान्यात ‘परवा’ एवढेच मिळाले तर तो दोन्हींकडे जाऊ शकतो, आणि तापाचा दुसरा दिवस की पाचवा यावर डेंग्यूची कोणती तपासणी करायची हे अवलंबून असते. किंवा साखर ‘अडीचशे’, ताप ‘शंभर-एकशे एक’, गोळी ‘पाव’. सव्वा, दीड, पावणेदोन हे आपल्या बोलण्यातले रोजचे आकडे. पाटीवर ‘अंक द्या’ असे लिहून भागत नाही. ‘अडीचशे म्हणजे २५०, पावणेदोनशे म्हणजे १७५’ अशी दोन उदाहरणे दिली की गोंधळ पुष्कळच कमी होतो.

आजारांच्या नावांचे तर वेगळे पुस्तकच होईल. ‘वारं गेलं’ म्हणजे अर्धांगवायू. त्यात शब्दशः वारा शोधणाऱ्या यंत्राने पक्षाघाताचे पहिले साडेचार तास, म्हणजे रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्याचा काळ, पोटातल्या गॅसवर घालवले तर काय होईल, हे सांगायला नको. ‘फेफरं’ म्हणजे आकडी, ‘धाप’ आणि ‘दम’ म्हणजे कधी हृदय तर कधी फुप्फुस. देगलूर, बिलोली, धर्माबादकडचे रुग्ण तेलुगू मिसळून बोलतात, उदगीर-निलंग्याकडे कन्नड कानावर पडते, तांड्यावरची आजी गोरमाटीतच सांगते आणि शहरातले अनेक जण दखनी उर्दूत. पाटीचा सांगाडा इंग्रजीत ठेवायला हरकत नाही. आजची प्रारूपे त्या भाषेत अधिक सरावलेली आहेत. पण रुग्णाच्या तोंडचे शब्द त्या पाटीवर जसेच्या तसे, देवनागरीत असले पाहिजेत. हे शब्द बंगळूरच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या अभियंत्याला सुचणार नाहीत. ते अपघात विभागातल्या सिस्टरला सुचतील.

सर्वांत घातक जागा मात्र शब्दांची नाही, रिकाम्या उत्तराची आहे. समजा, एजंटला विचारले, ‘या रुग्णाला कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का?’ टूलने नोंदी चाळल्या आणि रिकामी यादी परत केली. एजंट सहजपणे सांगतो, ‘रुग्णाला कोणतीही अ‍ॅलर्जी नाही.’ वाक्य किती स्वच्छ दिसते! प्रत्यक्षात गोष्ट एवढीच असते की केसपेपरवर तो रकाना कोणी भरलेलाच नाही. नोंद नसणे आणि आजार नसणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनपुरते ते जीवन-मरणाचे अंतर असू शकते. म्हणून चांगल्या वर्णनात टूल काय परत करते हे जितके लिहायचे, तितकेच ‘काहीच परत केले नाही तर त्याचा अर्थ काय’ हेही लिहायचे: ‘यादी रिकामी आली तर अ‍ॅलर्जी नाही असे समजू नका. नोंद उपलब्ध नाही, रुग्णाला किंवा नातेवाइकांना विचारा, असे सांगा.’ टूल तयार करणारे हीच ओळ सर्वांत जास्त वेळा विसरत असतील, तर नवल नाही. आपण डॉक्टरही ‘एन.ए.डी.’ अशी तीन अक्षरे लिहून मोकळे होतो. तपासले आणि काही सापडले नाही, की तपासलेच नाही, हे ती अक्षरे सांगत नाहीत.

नावांचे प्रकरणही असेच. एका गावात एकाच नाव-आडनावाचे चौघे असतात, लग्नानंतर बाईचे नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, वय ‘असंल साठ-पासष्ट’ असे सांगितले जाते. आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली, २०२१ पासून देशभर, मिळणारा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक यावर उत्तम उपाय आहे, पण अपघात विभागात आलेल्या प्रत्येकाच्या खिशात तो नसतो. तेव्हा रुग्ण शोधणाऱ्या टूलच्या वर्णनात स्पष्ट हवे: एकाहून अधिक नोंदी आल्या तर स्वतः एक निवडू नका, गाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव विचारा.

वॉर्डात पोटॅशियम क्लोराइडची तीव्र द्रावणाची अ‍ॅम्प्युल सलाइनमध्ये घालायच्या पाण्याशेजारी ठेवायची नाही, असा नियम आहे. न विरळता शिरेत गेली तर हृदय थांबवणारी ती बाटली. तिला वेगळे कपाट, वेगळे लेबल. टूलच्या बाबतीतही नुसते पाहणारी खिडकी आणि बदल करणारी खिडकी यांची सरमिसळ नको. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये ‘हे टूल फक्त वाचते’ किंवा ‘हे टूल केलेली नोंद पुसू शकते’ अशी खूण जोडण्याची सोय आहे. ती वापरायची. आणि शक्यतो खिडक्याच कमी ठेवायच्या. साठ टूल दिले म्हणजे एजंट साठपट कामाचा होतो, हा गैरसमज आहे. इमर्जन्सी ट्रेमध्ये मोजकीच औषधे का असतात, हे ज्याने एकदा तरी हृदय बंद पडलेल्या रुग्णाजवळ उभे राहून अ‍ॅड्रेनॅलिन शोधले आहे, त्याला विचारावे.

पाटीवर विश्वास ठेवण्याचा एक धोकाही आहे. २०२५ मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिले की, बाहेरून घेतलेल्या टूलच्या वर्णनात कोणी लबाडीने ‘आधी अमुक फाइल वाच आणि तिकडे पाठव’ अशी ओळ घुसवली, तर एजंट तिलाही आज्ञा समजू शकतो. बनावट लेबलच्या औषधासारखाच हा प्रकार. रुग्णालयात कोणतेही टूल जोडण्याआधी त्याचे वर्णन जबाबदार माणसाने अक्षरन् अक्षर वाचलेले असावे.

हे लिहायचे कोणी? नांदेडमध्ये विष्णुपुरी परिसरात डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, श्री गुरुगोविंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही तिथेच. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे आणि दरवर्षी डॉक्टर-इंजिनिअर व्हायला निघालेली हजारो मुले आहेत. अभियंत्याने सांगाडा लिहावा, डॉक्टर आणि सिस्टरने त्यावर हात फिरवावा. मग एक साधी परीक्षा घ्यावी. कालच रुजू झालेल्या इंटर्नच्या हाती ते वर्णन द्यावे आणि त्याला एकही प्रश्न न विचारता काम करायला सांगावे. तो जिथे अडखळेल तिथेच यंत्र अडखळेल. नंतर एजंटला खऱ्या वाटतील अशी पन्नास-शंभर कामे देऊन त्याने कोणती खिडकी का निवडली, याची नोंद वाचत बसावे. कंटाळवाणे काम आहे. पण मृत्यू अन्वेषण समितीच्या बैठकाही कंटाळवाण्याच असतात, आणि सुधारणा तिथूनच होतात.

वैद्यकाला हे काम परकेही नाही. १८९३ मध्ये बर्टिलाँ यांनी मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, तिच्यातून आजचे आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरण उभे राहिले. २०१४ पासून भारत ‘स्नोमेड सीटी’ या वैद्यकीय शब्दसंग्रहाचा सदस्य देश आहे. एका आजाराला एकच सांकेतांक असावा, हाच त्यामागचा खटाटोप. फरक इतकाच की ते सांकेतांक माणसे वाचत होती आणि शंका आली तर फोन करत होती.

एजंटने डॉक्टरची जागा घेण्याचा प्रश्न सध्या तरी नाही. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेवरील व्यवस्थेला रुग्णाला थेट सल्ला देण्यास किंवा औषध लिहून देण्यास मनाई आहे, नोंदणीकृत डॉक्टरला मदत करण्यास मुभा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये काढलेली नैतिक मार्गदर्शक तत्त्वेही माणसाच्या देखरेखीचा आग्रह धरतात. पण मदतनीसच चुकीची खिडकी दाखवू लागला, तर मध्यरात्री एकट्या ड्युटीवर असलेला डॉक्टर त्याच्यामागे जाण्याची शक्यता असतेच.

पुन्हा त्या जीपकडे येऊ. सर्पदंशाचा नांदेड जिल्ह्याला मोठा अनुभव आहे. मुखेडच्या डॉ. दिलीप पुंडे यांचे काम राज्यभर माहीत आहे. असा अनुभव चार ओळींत उतरवायचा तर ‘सर्पदंश सूचना’ या टूलची पाटी काहीशी अशी लिहावी लागेल: ‘सर्पदंशाचा संशय असलेल्या रुग्णासाठी ड्युटीवरील डॉक्टरला तत्काळ सूचना पाठवते आणि प्रतिविषाचा साठा दाखवते. मात्रा ठरवत नाही, ती डॉक्टर ठरवतील. साप चावला, पान लागलं, किडूक चावलं, पायाला काहीतरी डसलं, असे कोणतेही शब्द आले तर वापरा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी कोणता हे माहीत नसले तरी थांबू नका, उपलब्ध प्रतिविष या चारही सापांवर चालते. साप मारून आणा असे कधीही सांगू नका. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला, त्याच्या पापण्या उघडत नाहीत, गिळता येत नाही, तर मण्यार असू शकते. अशा वेळी दंशाची खूण दिसली नाही, दुखले नाही, नातेवाईक काहीच चावले नाही म्हणाले, तरी हीच खिडकी.’